एकोणीस नळ्या

प्राणिशास्त्राच्या जुन्या इमारतीवरची वेल उतरवायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी उत्तरेच्या भिंतीखाली ओल्या पानांचा, मुळांचा आणि मेलेल्या गोगलगाईंचा ढीग कमरेइतका झाला. त्याला असा वास सुटला, की परांचीवरच्या माणसांनी आपापले डबे उचलले आणि पार फाटकाशी जाऊन खाल्ले.

"नव्वद वर्षांची म्हातारी आहे," मिस्त्री नाक दाबून म्हणाले. "आंघोळ घालायला घेतली की वास येणारच."

सगळे हसले. बाईही हसली.

'बाई' हे तिचं कामावरचं नाव. शाळा, वाचनालयं, विद्यापीठांचे जुने विभाग, असल्या इमारतींना बाहेरून उबदार कवच चढवायचं, हा तिचा वीस वर्षांचा उद्योग. आतल्या माणसांना हलवायचं नाही, वर्ग बंद पाडायचे नाहीत. भिंतीला बाहेरून फोमचे वीतभर जाड तक्ते चिकटवायचे, प्लास्टिकच्या खिळ्यांनी आवळायचे, वर जाळी, जाळीवर पातळ गिलावा. खिडक्यांना दुहेरी काच आणि प्रत्येक फटीत पट्टी. मग हिवाळ्यात जळणारं इंधन निम्म्यावर येतं. तिचा भाऊ चिडवायचा, "आमची चिमणी इमारतींची शिंपीण आहे. मापं घेते आणि स्वेटर घालते."

हा भाऊ याच इमारतीत कामाला होता.

दादा तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. तळमजल्यावरच्या संग्रहालयाचा तो राखणदार, आणि मागच्याच खोलीत त्याची राहायची सोय. साप, बेडूक, दोन तोंडांचं कासव, एका उंच बरणीत भिजलेल्या पावासारखी राखाडी झालेली मेंढीची फुफ्फुसं, हे त्याचं गोकुळ. बत्तीस वर्षं तो या बरण्यांतलं औषधी पाणी बदलत आला होता. त्या पाण्याच्या उग्र वाफेनं असेल नाहीतर जन्मजात असेल, दादाला दमा होता. दोन आखूड श्वास आत, एक लांब बाहेर, आणि त्या लांब श्वासाच्या शेपटाला एक बारीकशी शिट्टी. लहानपणी दोघं एकाच खोलीत झोपायची. आई दादाच्या छातीला नीलगिरीचं तेल चोळून जायची आणि अंधारात ती शिट्टी ऐकत चिमणीला झोप लागायची. शंभर माणसांच्या गर्दीतून तिनं तो श्वास ओळखला असता.

आता विद्यापीठानं ठरवून टाकलं होतं. थंडी संपायच्या आत या इमारतीतून गळणारी हवा ठरल्या हद्दीखाली आली तर इमारत राहील. नाही आली, तर पाडायची, संग्रहालय मोडायचं आणि बरण्या भट्टीत जाळायच्या. बहिणीनं हे काम भांडून मागून घेतलं होतं.

"नाही जमलं तर तू माझ्याकडे यायचंस," ती म्हणाली होती.

दादानं दोन श्वास घेतले, एक सोडला. "येईन की. बरण्यांशिवाय आठ दिवस काढीन. नवव्या दिवशी मलाच एका बरणीत घाल आणि टीव्हीशेजारी ठेव."

तो हसत होता, पण ती हसली नाही. कारण त्यात थट्टा किती आणि खरं किती, हे तिला चांगलं कळत होतं.

वेल निघाल्यावर, संग्रहालयाच्या खिडक्यांखाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर त्या नळ्या दिसल्या. भाजक्या मातीच्या, हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या रुंद, भिंतीतून बोटभर बाहेर आलेल्या. एका ओळीत एकोणीस. जुन्या नकाशात त्या नव्हत्या. आतल्या बाजूनं तिनं सगळी भिंत हातानं चाचपली, बरण्यांची कपाटं सरकवून पाहिली. आत एकही तोंड नव्हतं.

तिनं पोलादी तार मागवली आणि पहिल्या नळीत सरकवली. भिंत मोजून दोन फूट जाडीची. तार दोन फूट गेली, सहा फूट गेली, वीस फूट गेली. सरळ. कुठे अडली नाही, वळली नाही. छत्तीस फुटांवर तार संपली. संग्रहालयाची रुंदीच मुळी तीस फूट होती, आणि खिडकीतून पाहिलं तर आत दादा फडक्यानं बरणी पुसत उभा होता. त्याच्या गुडघ्यांजवळून कुठलीही तार गेलेली नव्हती.

"जमिनीखाली वळली असेल," ती म्हणाली.

"असेल," मिस्त्री म्हणाले. तार ओढून काढायचं काम त्यांच्याकडे होतं. शेवटचा हातभर भाग बाहेर आला तेव्हा त्यावर काहीतरी होतं. पांढुरकं, दोरे सुटणारं, कोमट. मिस्त्रींनी ते बोटाला लागल्या लागल्या भिंतीला पुसलं, मग मातीला पुसलं, मग पाण्यानं धुतलं, आणि तरी दिवसभर ते ती बोटं अंगापासून लांब धरून वावरत होते.

"बाई, जुन्या लोकांनी ठेवलेलं भोक उगाच नसतं. साहेबांना विचारा तरी."

साहेब म्हणजे विद्यापीठाच्या बांधकाम विभागाचे प्रमुख. त्यांना विचारायचं म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे समिती, आणि समिती बसून उठेपर्यंत थंडी संपलेली. चाचणी हुकली की इमारत गेली. हे गणित तिनं मनात एका क्षणात केलं. एरवी फुटकी वीट दिसली तरी चार कागद लिहिणारी बाई या वेळी म्हणाली, "उंदरांची बिळं समजा आणि बुजवा."

बुजवायचं काम तिनं स्वतःच्या हातानं केलं. फुगणारा फोम नळीत सोडायचा, वर रबरी बूच दाबायचं, बुचावरून तक्ता. एकेक करत दुपारी तीनला एकोणिसावी नळी बंद झाली. बुचावर तळहात ठेवून ती क्षणभर थांबली. आतून कुणी हळूच ढकलावं तसं वाटलं. फोम फुगतोय, ती मनात म्हणाली. फोम फुगतोच.

तीन आठवड्यांनी कवच पुरं झालं आणि हवाबंदीची चाचणी लागली. ती अशी असते: इमारतीची सगळी दारं-खिडक्या लावायच्या, मुख्य दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात एक मोठा पंखा बसवायचा, आणि आतली हवा बाहेर ओढायची. फटी असतील तर बाहेरची हवा शिट्ट्या मारत आत घुसते, आणि किती घुसली ते यंत्र सांगतं. काम सुरू व्हायच्या आधी ही इमारत म्हणजे नुसती चाळण होती. तासाला नऊ वेळा हवा बदलत होती, आणि हद्द चारची होती.

आकडा आला एकाच्याही खाली.

"यंत्र नीट आहे ना?" साहेबांनी दोनदा विचारलं. मग तिचा हात हातात घेऊन हलवला. आठ दिवसांनी विद्यापीठाच्या मंडळाची पाहणी, तिथे सही झाली की झालं.

साहेब गेल्यावर तिनं पंखा बंद केला. दारं अजून बंदच होती. आतली माणसं श्वास रोखल्यासारखी शांत. पंखा थांबला की दाबाच्या यंत्राचा काटा शून्यावर येऊन बसतो, मेल्यासारखा. हा बसला नाही. थोडा डावीकडे गेला. पुन्हा थोडा डावीकडे. मग उजवीकडे, सावकाश, लांबवर, आणि शेवटी जरा थरथरला.

दोन आखूड, एक लांब.

तिनं यंत्र बदललं, त्याची रबरी नळी बदलली. दुसऱ्या यंत्राचा काटाही तेच करत होता. ती खूप वेळ बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं, की मागच्या खोलीतून येणारा एक आवाज आज येत नाहीये.

"दादा?"

तो दारात आला. ताठ, गालांवर तजेला, वीस वर्षांनी धाकटा दिसणारा. "चिमणे, तू जादू केलीस बघ! त्या नळ्या बुजवल्यास ना, त्या दिवसापासनं छाती अशी हलकी झालीय. मी मुद्दाम बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून. हे बघ." त्यानं एक रिकामी बरणी दाखवली. तिच्या तळाशी त्याचा दम्याचा पंप ठेवलेला होता आणि वर सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: पूर्वी आढळत असे.

ती पोट धरधरून हसली, रडली, त्याच्या गळ्यात पडली. त्याच्या सदऱ्याला नीलगिरीचा वास येत नव्हता, हे तिला घरी गेल्यावर आठवलं.

तो वास भिंतीला येत होता.

पाहणीच्या आधीच्या आठवड्यात उत्तरेच्या बाजूला कुणी फिरकेनासं झालं. नवा कोरा गिलावा, पण त्याला तेलकट घाम सुटला होता. थेंब खाली ओघळत नसत, जागच्या जागी फुगत आणि मग एकमेकांना जाऊन मिळत. बाहेर पाणी गोठेल अशी थंडी, आणि खिडक्यांखाली हात लावावा तर भिंत कोमट. ताप उतरलेल्या माणसाच्या पाठीसारखी कोमट आणि ओलसर. पायथ्याशी पिवळट, चिकट काहीतरी साचलं होतं. फावड्यानं उचलावं तर फावड्याबरोबर लांबत येई, तुटत नसे. नीलगिरीच्या वासाखाली एक दुसरा वास होता. आजारी माणसाच्या तोंडाशी वाकल्यावर येतो तो. कामावरचे गडी म्हणाले, "बाई, भिंतीला सर्दी झालीय, रुमाल मागवा," पण त्या विनोदावर त्यांचं त्यांनाच हसू आलं नाही. एक जण बादलीशेजारी बसून ओकला. दुसऱ्या दिवशी दोघं आलेच नाहीत.

तिनं उष्णता दाखवणारा कॅमेरा लावला. सगळी भिंत निळी, थंड, जशी हवी तशी. उत्तम काम. फक्त खिडक्यांखाली गुडघ्याएवढ्या उंचीवर एक लालसर पट्टा, फुगणारा आणि मिटणारा. नोंदवहीत तिनं लिहिलं, "गिलावा वाळताना उष्णता." असं काही नसतं, हे तिला ठाऊक होतं.

आणि दादा गात होता.

त्यांचे वडील देवाची गाणी गायचे, आणि दोघा भावंडांना त्यांनीच शिकवलेलं. ओळ कितीही लांब असो, शब्द तोडून श्वास घ्यायचा नाही. घ्यायचा तो देवाचं नाव घेऊन झाल्यावर. "तिथं थांबायचं," वडील म्हणायचे, "कारण श्वास त्याच्याकडनं येतो. त्याचं नाव घ्यावं आणि हात पुढे करावा." दादाचा गळा गोड, पण दम्यामुळे दुसऱ्या ओळीतच गाडी अडायची. आता तो बरण्या पुसता पुसता आख्खं गाणं म्हणत होता. खिडकीबाहेर उभी राहून ती डोळे मिटून ऐकू लागली. पहिल्या ओळीला तिचे डोळे भरून आले. दुसरी ओळ, तिसरी. देवाचं नाव आलं आणि गेलं. दादा थांबला नाही. चौथी, पाचवी. नाव पुन्हा आलं. सूर तसाच, दोऱ्यासारखा सलग. त्याच्याबरोबर तिनं नकळत धरलेला श्वास तिला अनावर झाला आणि तिनं धापा टाकत तोंड उघडलं. दादा पुढेच गात होता.

तिनं घड्याळ लावलं. सव्वासहा मिनिटं. मधे एकदाही नाही.

"दादा, इकडे ये जरा." तिनं आपला चष्मा काढून त्याच्या नाकापाशी धरला. "यावर फुंकर मार. काच पुसायचीय."

त्यानं ओठांचा चंबू केला, गाल फुगवले. काच कोरडीच राहिली.

"स्वच्छच आहे की," तो म्हणाला.

पाहणीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मिस्त्री शेवटची तपासणी करत होते. ही तपासणी सोपी असते. प्रत्येक तक्त्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. नीट चिकटला असेल तर भरीव आवाज, मागे पोकळी असेल तर पोकळ. मिस्त्रींची बोटं चाळीस वर्षं हेच करत आलेली. उत्तरेच्या भिंतीशी ते वाकले, टिचकी मारली आणि हात झटकन मागे घेतला.

"काय झालं? पोकळ आहे?"

"नाही."

"मग भरीव?"

"बाई, मी तुमच्या वडलांच्या वयाचा. मला काय वाटलं ते सांगू का?" त्यांनी स्वतःच्या पोटरीवर टिचकी मारून दाखवली. "हा आवाज आला."

तिनं त्या तक्त्यावर तळहात टेकला.

"उघडा, बाई. एक तरी उघडा. कुणाच्या तरी नरड्यात आपण बोळा कोंबलाय."

मिस्त्रींनी करवतीनं तक्त्याचा चौकोन कापला. कापताना पांढरा भुसा पडायला हवा. पडला तो ओला, गुलाबीसर. चौकोन निघाला. रबरी बूच आपल्या मापाच्या दुप्पट फुगलं होतं आणि कडेनं फेस येत होता. मिस्त्री दोन पावलं मागे सरले, तोंडावर हात दाबून इमारतीच्या कोपऱ्यापलीकडे गेले. त्यांच्या ओकण्याचा आवाज आला.

तिनं बूच धरलं. चिकट, उबदार. ओढलं.

ते फोमसकट एका झटक्यात सुटलं आणि नळीतून आलेली हवा तिच्या तोंडावर बसली. दाट, ओली, तिच्या ओठांत आणि नाकात शिरणारी. नीलगिरी. कफ. लहानपणची खोली. चेहऱ्यावर काहीतरी शिंतडलं आणि हनुवटीवरून दोऱ्यासारखं लोंबू लागलं. ते ती पुसते न पुसते तोच आतून बरणी फुटल्याचा आवाज आला.

खिडकीपलीकडे दादा कपाटाला धरून वाकला होता.

दोन आखूड. एक लांब. शिट्टी.

पण असा श्वास तिनं कधी ऐकला नव्हता. चार आठवड्यांचं तुंबलेलं सगळं एकदम त्याच्या छातीत परतलं होतं. मानेच्या शिरा तट्ट, ओठ निळे, एक हात खिशात पंप शोधतोय. पंप बरणीत. बरणी वरच्या फळीवर.

"चिमणे..." एवढंच आलं. मग नुसतं तोंड हललं.

धावत जायचं तर मुख्य दाराला वळसा. शंभर पावलं.

नळी तिच्या हाताजवळ होती.

तिनं गळ्यातला लोकरी रुमाल ओढून काढला, त्याचा बोळा केला आणि नळीत कोंबला. आत काहीतरी मऊ होतं; ते मागे सरकलं, पुन्हा पुढे आलं. तिनं कोपरापर्यंत हात घातला. सगळीकडून ओलं, धडधडतं काहीतरी हाताला बिलगलं. ती ढकलत राहिली. देवाचं नाव ओठांवर आलं, पण ते उच्चारायची तिला लाज वाटली.

शिट्टी थांबली.

दादा सरळ उभा राहिला. त्यानं सदरा झटकला, खाली काचा आणि त्यात पडलेलं राखाडी फुफ्फुस पाहिलं, आणि च् च् करत फडकं शोधायला वळला. खिडकीत ती दिसताच त्यानं हसून हात केला.

हात बाहेर काढायला तिला थोडा वेळ लागला. नळाखाली तिनं तो साबणानं तीनदा धुतला. मग विटेच्या तुकड्यानं, रक्त येईपर्यंत घासला. मिस्त्री परत आले नाहीत. त्यांची थापी आणि पुट्टीचं घमेलं तिथेच पडून होतं. चौकोन तिनं एकटीनं बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळ आलं. कडाक्याची थंडी. इमारतीसमोर सगळे गोळा झाले, फोटोसाठी उभे राहिले. साहेब बोलत होते आणि त्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. पाहुण्यांच्या, शिपायांच्या, फोटोवाल्याच्या, सगळ्यांच्या तोंडापुढे पांढरे ढग. "बघा," साहेब म्हणाले, "बाहेर आपण सगळी इंजिनं झालोय, आणि आत या बाईंनी कशी ऊब करून ठेवलीय!" सगळे हसले आणि ढगच ढग उठले.

मधोमध दादा उभा होता. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. "बत्तीस वर्षं या इमारतीत मी श्वासाशी भांडलो," तो म्हणाला. "माझ्या धाकट्या बहिणीनं ते भांडण मिटवलं. आता श्वासाची आठवणसुद्धा येत नाही." मग कुणीतरी गाण्याचा आग्रह केला आणि तो गाऊ लागला. तोंड उघडं, सूर मोकळा, आणि ओठांपुढची हवा काचेसारखी स्वच्छ. कुणाच्या लक्षात आलं नाही.

सही झाली. टाळ्या झाल्या. ती मात्र इमारतीला वळसा घालून मागे आली.

काल बसवलेल्या चौकोनाच्या एका कडेला केसाएवढी चीर गेली होती. त्या चिरेतून वाफ येत होती. दोनदा आखूड आत ओढली जाई, मग लांब बाहेर येई.

तिनं घमेल्यात ताजी पुट्टी कालवून बोटावर घेतली, चिरेवर लिंपली आणि अंगठ्यानं दाबली. अंगठ्याखाली ऊब होती, आणि ती ऊब ढकलत होती. पुट्टी धरायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ ती अंगठा न हलवता उभी राहिली. पलीकडून दादाचा सूर येत होता, सलग. देवाचं नाव आलं. गेलं. पुन्हा आलं.